हाताचे शिक्षण : दार की कुंपण?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी वाटण्या सुरू होतात. ज्याला टक्के भरपूर त्याने विज्ञान घ्यायचे, ज्याला बरे त्याने वाणिज्य, ज्याला बेताचे त्याने कला. जो यांत कुठेच बसत नाही त्याला एखादा मामा किंवा काका सांगतो, "आयटीआय कर, निदान हाताला काम तरी लागेल." या वाक्यातला 'निदान' हा शब्द आपल्या समाजाने व्यवसाय शिक्षणाला दिलेली जागा नेमकी दाखवतो. बाकीच्या वाटा बंद झाल्यावर उरते ती ही वाट.

दुसरीकडे, वंचित घरांतल्या तरुणांचा प्रश्न निघाला की सरकार, उद्योजक आणि स्वयंसेवी संस्था यांचे एका उत्तरावर चटकन एकमत होते. ऊसतोड मजुराचा मुलगा असो, शहरातल्या वस्तीत वाढलेली मुलगी असो की नववीत शाळा सुटलेला आदिवासी पाड्यावरचा तरुण असो. त्याला कौशल्य द्या, तो पायावर उभा राहील, असे सांगितले जाते. यावर एक जुना आणि गंभीर आक्षेप आहे. सुखवस्तू घरांतल्या मुलांना डोक्याचे शिक्षण आणि गरिबांच्या मुलांना हाताचे, अशी विभागणी केली तर आजची विषमता पुढच्या पिढीत तशीच राहणार नाही का?

हे शिक्षण गरिबीतून बाहेर पडण्याचे दार आहे की गरिबांना त्यांच्या जागी थोपवून धरणारे कुंपण, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न तत्त्वचर्चेने सुटत नाही. प्रशिक्षण किती काळाचे, ते कोण देते, त्या काळात पोट कसे भरते आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर पुढे कुठे जाता येते, या साध्या तपशिलांवर त्याचे उत्तर ठरते. म्हणून इतिहासापासून सुरुवात करून या तपशिलांकडे जाऊ.

शंभर वर्षांचा वाद

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो, अशी तक्रार केली. प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, असे त्यांनी सुचवले. या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याच्या मुलाला शेती शिकवावी, पण इतिहास आणि व्याकरण वगळून नव्हे, ही त्यांची भूमिका होती.

त्याच सुमारास आधुनिक उद्योगांसाठी तंत्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहू लागल्या. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. कापड गिरण्यांना लागणारी माणसे तयार करणे हे तिचे एक मोठे काम होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तो कारखाना होता आणि शाळाही होती. तिथे काच फुंकायला शिकलेली माणसे पुढे इतर ठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. विकता येईल असा माल बनवता बनवता शिकायचे, ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासून आहे.

भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिथल्या 'कमवा आणि शिका' पद्धतीत श्रम हे शिक्षणाची किंमत चुकवण्याचे साधन होते. विद्यार्थी शेतात राबत, पण वाट शाळा-महाविद्यालयाकडे जाई. गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेल्या नई तालीममध्ये श्रमाला वेगळे स्थान होते. सूतकताईसारख्या हस्तव्यवसायाभोवतीच भाषा, गणित आणि विज्ञान गुंफायचे, अशी ती योजना होती.

याच काळात, १९३६ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी 'जातिभेद निर्मूलन' या निबंधात एक मूलगामी मुद्दा मांडला. जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माणसाची आवड आणि कुवत न पाहता जन्मावरून त्याचे काम ठरवले जाते. हा मुद्दा लक्षात घेतला की हाताच्या शिक्षणाविषयीचा संशय समजतो. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या हातकाम लादले गेले, त्यांच्या मुलांना पुन्हा हातकामच शिकवायला निघालेल्या माणसाकडे ते शंकेने पाहणार.

ही शंका मद्रास राज्यात १९५३ मध्ये रस्त्यावर आली. मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने न्हाव्याचे काम शिकावे आणि कुंभाराच्या मुलाने मडकी घडवावीत, असा तिचा सरळ अर्थ लोकांनी घेतला. 'कुलशिक्षणाची योजना' म्हणून तिच्यावर टीकेची झोड उठली, १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडले आणि योजना मागे घेण्यात आली. हाताच्या शिक्षणाचे कुंपण कसे होते याचे हे ठळक उदाहरण आहे. काम जन्मावरून ठरले, शिक्षक घरातलाच, आणि नवीन कुठे जाण्याची वाट नाही.

आयटीआय नावाची गोष्ट

आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो, त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतणाऱ्या माणसांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये केंद्रात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. फाळणीनंतर निर्वासितांच्या प्रशिक्षणाचे कामही या यंत्रणेकडे आले. मग १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि देशात सुमारे ५० संस्था निघाल्या. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीय पातळीवरच राहिले. नागपुरातल्या फिटरचे प्रमाणपत्र कोइमतूरलाही चालावे, हा त्यामागचा हेतू होता. आता देशात १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक खासगी आहेत.

आयटीआयमध्ये प्रत्यक्ष काय शिकवतात, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सुरुवातीचे कितीतरी दिवस मुलगा व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी पकडून कानस मारत असतो. पृष्ठभाग सपाट झाला का, कोन काटकोनात आहे का, हे गुण्याने आणि उजेडाकडे धरून पाहायचे. मग आखणी, हॅक्सॉने कापणे, छिद्र पाडणे, आटे पाडणे, आणि पुढे एकमेकांत अचूक बसणारे दोन भाग बनवणे. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप वाचता यावे लागते. बाहेरून कंटाळवाण्या दिसणाऱ्या या कामात दोन गोष्टी घडतात. हाताला धातूचा अंदाज येतो आणि डोक्याला अचूकतेची सवय लागते. मापात चूक झाली तर मार्कांची घासाघीस करून उपयोग नसतो. तुकडा बसतो किंवा बसत नाही. शाळेत नापासाचा शिक्का बसलेल्या कित्येक मुलांना आपले काम बरोबर आहे हे स्वतः तपासता येण्याचा अनुभव इथे प्रथमच मिळतो.

मात्र या शिक्षणाला माल लागतो. पट्ट्या, सळ्या, वेल्डिंगच्या कांड्या, वायर, हॅक्सॉची पाती हे सगळे संपणारे साहित्य आहे. वेल्डिंग शिकणाऱ्याने कांड्या जाळल्याच पाहिजेत. हात स्थिर होण्याचा दुसरा मार्ग नाही. साहित्याचे अनुदान उशिरा आले की कार्यशाळेतला तास फळ्यावर होतो. शिल्प निदेशकाचे पद रिकामे असेल तर एकाच निदेशकाला दोन तुकड्या सांभाळाव्या लागतात. यंत्रे जुनी आहेत ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खरीही आहे. पण जुन्या लेथवर चांगला निदेशक टर्नर घडवू शकतो. नव्या यंत्राजवळ शिकवणारा नसेल तर त्यावर धूळ बसते.

न मोजलेली किंमत

प्रशिक्षण मोफत किंवा अल्प शुल्कात आहे, असे म्हटले की आपल्याला वाटते गरिबाचा प्रश्न सुटला. खरी किंमत शुल्काच्या पावतीवर नसते. अठरा वर्षांचा मुलगा बांधकामावर किंवा शेतात गेला तर त्या दिवशी संध्याकाळी मजुरी घरात येते. तो दोन वर्षे संस्थेत बसला तर ती मजुरी बुडते. त्यात एसटीचे भाडे, तालुक्याच्या गावी राहण्याची सोय, खाणावळ, बूट आणि डांगरी यांची भर. ज्या घरात आजारपणाने किंवा कर्जाने एक महिना जरी वाकडा गेला, तिथला मुलगा तुकडीतून गळतो. हजेरीपटावर कारण लिहिलेले असते 'अनियमित'.

ही अडचण काही प्रमाणात शिकाऊ उमेदवारीने सुटू शकते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे आता बंधनकारक आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला तुरुंगवासाची तरतूद काढून टाकली आणि दंड ठेवला, म्हणजे मालकांनी भीतीने या योजनेपासून दूर राहू नये. २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये ठरले होते. आता विचार करा : बीड किंवा नंदुरबारहून चाकणला आलेल्या मुलाने खोलीभाडे, जेवण आणि कंपनीपर्यंतचा प्रवास या रकमेत कसा भागवायचा? ज्याचे नातेवाईक पुण्यात आहेत त्याला ते जमते. उमेदवारीची संधी कागदावर सर्वांना सारखी असली, तरी ती घेण्याची ऐपत सारखी नसते.

दुसरी अडचण कारखान्याच्या आतली आहे. शिकाऊ मुलाला विभागाविभागांतून फिरवून शिकवायचे, की एकाच यंत्रावर उभे करून उत्पादन काढून घ्यायचे? कायद्याला पहिले अपेक्षित आहे. ऑर्डरची घाई असताना दुसरे सोयीचे असते. वर्षभर एकच बटण दाबलेला मुलगा उमेदवारी संपल्यावर कंत्राटी कामगारांच्या रांगेत जातो आणि त्याच्या जागी नवा शिकाऊ येतो. जर्मनीत ही भीती कमी आहे. तिथल्या दुहेरी पद्धतीत तरुण आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो, साधारणतः तीन ते साडेतीन वर्षे. काय शिकवायचे हे १९६९ च्या कायद्याने बांधलेले आहे, आणि अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही. उद्योग-व्यापार मंडळाची समिती घेते. तिच्यात कामगारांचेही प्रतिनिधी असतात. शिकवणारा आणि तपासणारा वेगळे असले की मुलाकडून नुसते काम काढून घेणे अवघड होते.

पुरावा काय सांगतो?

या विषयावरचे सर्वांत वादग्रस्त संशोधन फिलिप फॉस्टर यांचे. घानातल्या शाळांच्या अभ्यासावरून त्यांनी १९६५ मध्ये असा निष्कर्ष मांडला की मुले कारकुनी शिक्षणाकडे धावतात ती हातकामाच्या तिटकाऱ्यामुळे नव्हे. कारकुनाला पगार आणि स्थैर्य जास्त मिळते हे त्यांना नीट कळते, म्हणून ती धावतात. शाळेत सुतारकाम घालून ही निवड बदलणार नाही. बाजारात सुताराला काय मिळते ते बदलावे लागेल. 'आपल्या मुलांना श्रमप्रतिष्ठा नाही' असे भाषणांतून म्हणताना हा निष्कर्ष आठवायला हवा. आपल्याकडे १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेकडे वळवायचे ठरवले होते. ते उद्दिष्ट फार दूर राहिले, कारण पालकांनी फॉस्टर यांच्या घानातल्या पालकांसारखाच हिशेब केला.

मग प्रशिक्षण व्यर्थ आहे का? तसेही नाही. कोलंबियात २००१ ते २००५ या काळात शहरी गरीब तरुणांसाठी तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत प्रत्यक्ष काम, असा कार्यक्रम झाला. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि त्यामुळे परिणाम नेमका मोजता आला. तरुणींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली. तरुणांमध्ये फरक फारसा दिसला नाही. दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या स्त्रियांसाठी सहा महिन्यांच्या शिवणकाम प्रशिक्षणाचा असाच अभ्यास झाला. तिथेही रोजगार आणि कमाई वाढली. पण अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांच्या अडचणी होत्या केंद्राचे अंतर, हातात पैसा नसणे आणि मुलांना सांभाळायला कुणी नसणे. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात यांतली एकही गोष्ट नसते.

युगांडातला अभ्यास आणखी एक पायरी पुढे नेतो. तिथे काही तरुणांना व्यवसाय संस्थेत सहा महिने शिकवले, काहींना थेट एखाद्या लहान गॅरेजमध्ये किंवा दुकानात शिकायला ठेवले. सुरुवातीला दोघांनाही फायदा झाला. पुढच्या वर्षांत मात्र संस्थेत शिकलेल्यांची सरशी झाली. कारण त्यांच्याकडे दुसऱ्या मालकालाही समजेल असे प्रमाणपत्र होते. दुकानात शिकलेल्याचे कौशल्य फक्त त्याच्या मालकाला ठाऊक होते. ते काम सुटले की तो पुन्हा अनोळखी झाला. प्रमाणपत्राचे मोल इथे आहे. पहिली नोकरी मिळवण्यापेक्षा पहिली वाईट नोकरी सोडता यावी म्हणून ते जास्त उपयोगी पडते.

भारतात असे प्रमाणपत्र किती जणांकडे आहे? २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातल्या अवघ्या २.२ टक्के लोकांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले होते, ८.६ टक्के लोक अनौपचारिक रीतीने, म्हणजे घरी, उस्तादाकडे किंवा कामावरच शिकलेले होते. आपल्याकडचे बहुतेक गवंडी, मेकॅनिक आणि शिंपी युगांडातल्या त्या दुकानातल्या मुलासारखे आहेत. हात तयार आहे, कागद नाही.

घाईच्या योजना

हे अंतर भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये 'स्किल इंडिया' मोहीम आली. २०२२ पर्यंत ४० कोटी लोकांना प्रशिक्षण द्यायचे, असे तिचे उद्दिष्ट होते. आकडा एवढा मोठा ठेवला की प्रशिक्षण लहान होणे अपरिहार्य असते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले बहुतेक अभ्यासक्रम काही शे तासांचे होते. दोन वर्षांत फिटरचा हात बसतो, तिथे तीन महिन्यांत काय बसेल? काही कामांना एवढा काळ पुरतो, उदाहरणार्थ दुकानातली विक्री किंवा संगणकावर नोंदी करणे. पण अशा कामांना पगारही तेवढाच असतो. प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राला माणशी पैसे मिळत असतील, तर केंद्राचे लक्ष डोकी मोजण्याकडे जाते. शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने उद्योगक्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांच्या कारभारातल्या हितसंबंधांच्या गुंत्यावर बोट ठेवले होते.

२०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी अशा १८ पारंपरिक व्यवसायांना तिच्यात ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. बुडणाऱ्या मजुरीची भरपाई इथे निदान मान्य केली आहे, ही चांगली गोष्ट. ज्याचा धंदा चालू आहे त्या कारागिराला अवजार आणि स्वस्त कर्ज मिळाले तर त्याचा नक्की फायदा होतो. मात्र त्याच्या मुलाला याच यादीत बसवले तर मद्रासचा १९५३ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बलुतेदाराच्या पोराला सीएनसी यंत्र शिकायचे असेल, तर त्याची वाट या योजनेतून जात नाही. ती आयटीआयमधून जाते, आणि म्हणून आयटीआय नीट चालणे जास्त महत्त्वाचे आहे.

पाबळचा धडा

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. घेतलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले कलबाग शाळेतून गळालेल्या मुलांना शिकवायला पाबळच्या माळावर गेले. त्यांचे गृहीतक सोपे होते. जी मुले वर्गात नापास होतात ती हाताने काम करताना विचार करतात, आणि तो विचार पकडून त्यांना विज्ञान शिकवता येते.

तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा निवासी अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. मुलाला एकच व्यवसाय देत नाहीत. वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, गृह व आरोग्य अशी चार क्षेत्रे सगळ्यांना फिरून करावी लागतात. यामागे खेड्याच्या बाजारपेठेचा नेमका हिशेब आहे. लहान गावात नुसत्या वेल्डरला किंवा नुसत्या वायरमनला वर्षभर पुरेल एवढे काम नसते. जो गेट बनवतो, मोटर दुरुस्त करतो, पाणी आणि माती तपासून देतो, त्याचे दुकान चालते. शिवाय मुले गावातल्या गिऱ्हाइकांची खरी कामे पैसे घेऊन करतात. खर्च काढणे, अंदाजपत्रक देणे, उधारी वसूल करणे हेही त्यातच शिकले जाते. तळेगावच्या काच कारखान्याची आठवण व्हावी अशी ही पद्धत आहे.

पाबळचा दुसरा धागा शाळेत जातो. मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय १९८७ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने मान्य केला आणि तो आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवला जाऊ लागला. म्हणजे हाताचे काम गळालेल्या मुलापुरते ठेवले नाही. पहिल्या बाकावरच्या मुलानेही पाइप जोडायचा आणि पट्टी वेल्ड करायची. दार आणि कुंपण यांतला फरक इथे दिसतो. एखादे काम वर्गातल्या सगळ्यांनी केले की ते शिक्षण असते. ठरावीक मुलांना वेगळे काढून करायला लावले की ती वर्गवारी होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे, असे सुचवले आहे. इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळेनेही ते मनापासून केले, तर त्याचा अर्थ बदलतो.

वर जाणारा जिना

व्यवसाय शिक्षणाबद्दल पालकांच्या मनातली मोठी भीती अशी असते की पोरगा एकदा तिकडे गेला की पुढचे शिक्षण संपले. महाराष्ट्रात हे आता पूर्ण खरे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही घेता येते. जिना आहे, पण अरुंद आहे. कार्यशाळेत हुशार असलेला फिटर पदविकेत गेला की गणित आणि इंग्रजी त्याला अडवते, कारण त्याच्या दोन वर्षांत या विषयांना फारसे कुणी गांभीर्याने घेतलेले नसते. फुल्यांच्या यादीतले व्याकरण आणि हिशेब इथे पुन्हा आठवतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हाही हाताच्या कौशल्याबरोबर भाषेची अट आलीच.

मुलींच्या बाबतीत हा जिना आणखी अरुंद होतो. प्रशिक्षणाचा लाभ मुलींना जास्त होतो असे कोलंबियात दिसले, आणि आपल्याकडे मुली आल्या की त्यांना शिवणकाम आणि सौंदर्यप्रसाधन या दोनच खिडक्या दाखवल्या जातात. इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्टच्या तुकडीत मुलगी बसू शकते. कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी संध्याकाळच्या शेवटच्या एसटीची, वसतिगृहाची, कार्यशाळेतल्या स्वच्छतागृहाची आणि तिला कामावर घ्यायला कचरणाऱ्या ठेकेदाराची असते. या गोष्टी बदलायला श्रमप्रतिष्ठेची व्याख्याने लागत नाहीत, अंदाजपत्रकात तरतूद लागते.

तेव्हा नव्या कौशल्य योजनेची घोषणा झाली की वाचकांनी आकड्यांपलीकडे जाऊन पाच प्रश्न विचारावेत. हात बसायला पुरेल एवढा काळ आणि माल तिच्यात आहे का? शिकण्याच्या काळात घरच्या बुडालेल्या मजुरीचे काय? परीक्षा शिकवणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे आहे का? प्रमाणपत्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी मालकाला समजते का? आणि कुणाला पुढे शिकायचे असेल तर भाषा-गणिताची शिदोरी त्याच्याबरोबर दिली आहे का? पाचांची उत्तरे होकारार्थी असतील तर ते दार आहे. एकाचेही उत्तर नसेल तर कितीही गोंडस नाव दिले तरी ते कुंपण राहते, आणि त्याच्या आत पुन्हा तीच मुले असतात ज्यांचे आई-वडीलही आत होते.

सध्या तरी यांतल्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करता येईल. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये निदेशकांची किती पदे भरलेली आहेत आणि या वर्षी वेल्डिंगच्या कांड्या कोणत्या महिन्यात पोचल्या, एवढी माहिती कुणाही नागरिकाला मागता येते.